दोन्हीवर केलं

डोमाजी रंगारींना कोणी विचारलं की तुमची पोरगी काय करते, तर ते आधी खुर्ची ओढून घेत. एका वाक्यात सांगण्यासारखं ते काम नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ते एका वाक्यात उरकलं नसतं.

रत्नमाला भंडाऱ्यात कॉम्प्युटर क्लास घेते हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण ते पोटापाण्याचं झालं. तिचं खरं काम सकाळी सहा ते आठ चाले, आणि तेही फुकट. प्रोग्राम लिहायची एक भाषा आहे, जगभर वापरतात. त्या भाषेसोबत तयार हत्यारांची भलीमोठी पेटी मिळते. फाइल हलवायचं हत्यार, तारखा मोजायचं हत्यार, याद्या लावायचं हत्यार, असली शेकडो. प्रत्येकाचं एक माहितीपान असतं: हे काय करतं, कसं धरायचं, बोट कुठं कापेल. ही पानं लिहिणारे, जुनी झाली की बदलणारे, चुकली की सुधारणारे लोक देशोदेशी आहेत. त्यांतली एक जवाहरनगरात, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटापासून सायकलीने पाच मिनिटांवर राहते.

“अमेरिकेतला इंजिनिअर अडला, का पान उघडते,” डोमाजी सांगत. “अन् त्या पानावर आपल्या रत्नाची ओळ असते. तो वाचते अन् कामाले लागते. त्याले जवाहरनगर कुठं आहे माहीत नाई, पण तिच्या शब्दावर चालते बिचारा.”

“अन् तिले काय भेटते?” हा प्रश्न यायचाच.

“तुले नाई समजाचं बावा,” म्हणून डोमाजी खुर्ची परत जागेवर ठेवत.

खोटं कशाला बोला, कौतुकाला बापाचंच तोंड लागावं अशी काही गत नव्हती. पोरगी होतीच तशी. एका ओळीपायी चार दिवस घालवील, पण ‘बहुतेक’ हा शब्द लिहायची नाही. दुसऱ्या कोणी ‘हे बहुतेक चालतं’ असं लिहून ठेवलं असलं, तर विचारी, “म्हणजे कधी चालत नाही?” ते सापडेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे.

कामाची रीत मात्र बापाकडून आलेली. डोमाजींनी फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली. त्यांच्या विभागात मशीनजवळ कामाचं कार्ड टांगलेलं असे. नवं कार्ड आलं की एकानं ते मोठ्यानं वाचायचं आणि ज्यानं ते लिहिलेलं नाही अशानं ऐकून तसंच्या तसं करायचं. लिहिणाऱ्याचा हात आपसूक बरोबर जातो. परक्याचा हात अडला, तर खोट कार्डात आहे. रत्नमालेनं हीच रीत उचलली. ती ओळ मराठीतून सांगे आणि डोमाजी एका बोटानं कीबोर्डवर ती करून पाहत. घरात दोन कॉम्प्युटर होते. बैठकीतला विंडोजवाला, आणि मागच्या टिनाच्या खोलीतला जुना, लिनक्सवाला. हत्यार एकच असलं तरी दोन घरी दोन तऱ्हेनं वागू शकतं, म्हणून प्रत्येक ओळ दोन्हीवर करायची, हा तिचा नेम. अशा दोनशे चौदा ओळी झाल्या होत्या. बरोबरीचे रिटायर झालेले लोक दुपारी पत्ते कुटत, आणि डोमाजी जगाची हत्यारं तपासत.

यंदा तर घरात लगीनघाईच होती. या पानांची शेवटची राखण ज्यांच्या हाती, असे सगळ्या जगात नऊ जण. दहावी म्हणून रत्नमालेचं नाव निघालं होतं आणि शुक्रवारी निवड होती. तिच्या आईनं, वच्छलाबाईंनी, आजूबाजूच्या सात घरी सांगून टाकलं होतं. निवड कशाची ते त्यांना नीट कळलं नव्हतं, पण आनंद त्याच्यावाचून अडला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात, रविवारी, लिलाधर आला.

लिलाधर नान्हे जवळच्या कारधा गावचा, मासेमार ढिवराघरचा, तिशीतला माणूस. एके काळी रत्नमालेच्या क्लासात शिकलेला. त्याची आई गीताबाई आणि गावोगावच्या बाया मिळून तळ्यांत देशी मासे परत आणायच्या खटपटीत होत्या. कोणत्या तळ्यात मरळ दिसली, शिंगूर मासे किती, देवधानाचं पाणगवत कुठं उगवलं, हे दर पंधरवड्याला पाण्यात उतरून पाहायचं आणि लिलाधरच्या लॅपटॉपवर चढवायचं. असं दोन वर्षं चाललं होतं.

“मॅडम, मले वाटते मीच काही येडेपणा केला,” तो दारातूनच म्हणाला. “दोन सालच्या फाइली एका जागी हलवत व्हतो, दोघींचं नाव एकच व्हतं. पानावर लिहिलं व्हतं, त्या नावाची फाइल पहिलेच असन तर हे हत्यार थांबते, काही करत नाई. म्हणून मी बिनधास्त चालवलं. ते थांबलंच नाई. एकीवर दुसरी चढवली, अन् मागच्या सालची पुसून गेली.”

“सगळी?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“सत्तावीस तळ्यांची. मायच्या वहीत थोडंसं आहे, बाकी काहीच नाई. माय एक शब्द बोलली नाई. बोलली असती तर बरं झालं असतं.”

रत्नमालेनं पान उघडलं. ओळ होती. लिलाधरच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं, त्यावर तिनं दोन खोट्या फाइली करून हत्यार चालवलं. एकीवर दुसरी मुकाट चढली. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

“लिलाधर, तू नाही चुकला. ही ओळ माझी आहे.”

त्याला बिचाऱ्याला हे माहीतच नव्हतं. तो इतका ओशाळला की उलट तिचीच समजूत काढायला लागला. तिनं त्याला बसवून आधी पान दुरुस्त केलं. मग वर ठळक सूचना घातली, की ही ओळ चार वर्षं चुकीची होती, हिच्या भरवशावर ज्यांनी काम केलं त्यांनी आपल्या फाइली पाहून घ्याव्यात. मग आपली नोंदवही काढली.

“बाबा, ही आपण दोन्हीवर केली होती ना? हे पाहा, बारा मे. ‘दोन्हीवर केलं’ असं लिहिलं आहे मी.”

“हव,” डोमाजी म्हणाले.

म्हणाले खरं, पण वहीकडं न पाहता. ती बारा मे त्यांना लख्ख आठवत होती. भंडाऱ्याचं मे महिन्याचं ऊन ज्यानं अंगावर घेतलं त्यालाच कळेल. सकाळची राहिलेली ती ओळ रत्नमाला दुपारी क्लासातून फोनवर सांगत होती. बैठकीतल्या मशीनवर त्यांनी केलं, हत्यार लाल अक्षरं दाखवून थांबलं. “आता मागचं,” ती म्हणाली. मागची खोली टिनाची, दुपारी दोनची वेळ, आणि ते जुनं डबडं सुरू व्हायलाच दहा मिनिटं खाई. डोमाजी कूलरपुढून हललेच नाहीत. थोडा वेळ जाऊ दिला आणि फोनवर म्हणाले, “त्याच्यावरही तसंच. दोन्हीवर केलं.” एकतीस वर्षांत ज्या माणसानं न पाहता सही केली नाही, तो माणूस घरात, पोटच्या पोरीशी, थंड हवेपायी खोटं बोलला होता.

रत्नमालेनं बापाच्या ‘हव’वर भरवसा ठेवला, आणि तिथून सगळं वाकड्यात शिरलं. दोन्हीवर थांबत होतं, तर आता लिनक्सवर काहून थांबत नाही? म्हणजे मधात कोणीतरी हत्यार बदललं आणि सांगितलं नाही. तिनं भाषेच्या जुन्या आवृत्त्या एकेक करून उतरवल्या. सोमवारी क्लास सुटल्यावर कारध्याला जाऊन लिलाधरच्या लॅपटॉपातून काही निघतं का तेही पाहिलं. सत्तावीसपैकी नऊ तळी निघाली, अठरा कायमची गेली. गीताबाईंनी तिला चहा पाजला आणि म्हटलं, “पोरी, तळे तर जाग्यावरच हायेत, पुन्हा मोजू.” पण गेलेलं साल कोण कसं मोजणार? ते त्या बाईलाही कळत होतं आणि हिलाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ओळ लिहिली त्या सालच्या जूनपर्यंत ती मागं गेली, तरी हत्यार तसंच वागे; त्याआधीचं पाहायचं कारण नव्हतं, मेमध्ये तर बापानं पाहिलंच होतं. पोरगी जेवता जेवता मध्येच थांबे. डोमाजी समोर बसून पाहत. दहा वेळा ओठावर आलं. पण बापाच्या शब्दाला प्रमाण मानणारी पोरगी असली, की तो शब्द खोटा होता हे सांगायला जीभ उचलत नाही.

गुरुवारी दुपारी तिनं त्यांना हाक मारली. “बाबा, पत्र ऐका. उद्याच्या आधी गेलं पाहिजे.”

पत्र त्या नऊ जणांना होतं. तिनं मराठीतून सांगायला सुरुवात केली. ओळ लिहिली त्या वर्षीच्या जूनमध्ये एका प्रोग्रामरनं या हत्याराला हात लावला होता. पोलंडचा कोणी माणूस होता, त्याचं नावही पत्रात होतं. मधला आणखी बदल सापडत नाही, तेव्हा त्याच्याच बदलानं हे झालं असावं आणि त्यानं ते कळवलं नाही, असं तिचं म्हणणं. ‘असावं’ म्हणताना ती अडखळली. तो शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा लिहिला होता.

“थांब,” डोमाजी म्हणाले. “त्या माणसानं काही नाई केलं.”

“तुम्हाले कसं माहीत?”

“मी मागच्या खोलीत गेलोच नव्हतो. बारा मेले. ऊन व्हतं. कूलरपाशी बसूनच तुले सांगतलं, दोन्हीवर केलं. अन् रविवारी तू विचारलं तेव्हाही खोटंच बोललो. लिलाधर समोर व्हता. लाज वाटली मले.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. रत्नमालेनं सगळ्यात आधी काय केलं, तर ते पत्र पुसलं. शेवटच्या अक्षरापर्यंत पुसलं. मग बापाकडे वळली.

“चार दिवस, बाबा. चार दिवस मी एका भल्या माणसाची चूक शोधत होती.” तिचा आवाज फाटला. “आज पाठवलं असतं.”

डोमाजींना वाटलं ओरडेल. ओरडली असती तर त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. ती नुसती म्हणाली, “अशा आणखी किती ओळी आहेत?”

“तेवढी एकच. खरं सांगतो पोरी.”

“मले पटते.”

डोमाजींचा जीव भांड्यात पडायला आणि ती पुढं बोलायला एकच गाठ पडली. “पण दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पुन्हा करू.”

“पटते म्हणते अन् पुन्हा कायले?”

“मले पटते, मी तुमची पोरगी आहे. लिलाधरनं तुम्हाले करताना कुठं पाहिलं होतं? त्यानं ओळ पाहिली. आपल्या घरचा भरोसा त्याच्या काय कामाचा?”

आता सांगा, या वयात, इतक्या साध्या शब्दांत हे कळलेली माणसं किती भेटतात? तिनं त्या जूनच्या आधीची आवृत्तीही आता चालवून पाहिली, तीही तशीच वागली. ती नवं पत्र लिहू लागली, आणि रिवाजाप्रमाणे एकेक ओळ त्यांना सांगत गेली. हत्यार पहिल्यापासून असंच आहे, कोणाही प्रोग्रामरचा दोष नाही. ओळ एकाच मशीनवर तपासली गेली होती आणि मी खातरजमा न करता तिच्यावर माझं नाव घातलं. माझ्या सगळ्या ओळी मी पुन्हा तपासते आहे, आणि त्या होईपर्यंत निवडीसाठी माझं नाव धरू नये.

“नाव काहून मागं घेते?” डोमाजी उभेच राहिले. “माझ्या पापानं? लिही नं, बापानं खोटं सांगतलं म्हणून! होऊ दे माझी बदनामी!”

“नाव माझं आहे त्या ओळीवर.”

“उद्या निवड आहे, रत्ना!”

“मले माहीत आहे,” ती म्हणाली आणि पत्र पाठवलं.

डोमाजी रडले. बायकोसमोर, पोरीसमोर, ओंजळीत तोंड लपवून रडले. वच्छलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना अर्धंमुर्धं कळलं होतं, पण कळायचं ते कळलं होतं. “सात घरी सांगून बसली मी,” त्या म्हणाल्या. “आता काय सांगू त्याहिले?”

“सांग,” डोमाजी नाक पुसत म्हणाले, “का पोरगी अजून तपासून राहिली.”

मग ते कॉम्प्युटरपुढची खुर्ची मोकळी करून बाजूला सरकले. “लिलाधरले बोलाव. त्याचा हात चांगला आहे. आता त्याच्याच्यानं करून घे.”

“बसा,” रत्नमाला म्हणाली.

“मलेच बसवते?”

“खोट्या ‘झालं’नं काय होते, ते तुमच्याएवढं आज कोणाले माहीत आहे? तुमच्याहून पक्का माणूस मले कुठं भेटन?” तिनं डोळे पुसले आणि नोंदवहीत नवं पान काढलं. “फक्त यापुढं मले ‘केलं’ सांगायचं नाही. समोर काय दिसलं, ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचं.”

डोमाजींचं इंग्रजी सातवीतलं. ते बसले. तिनं पहिली ओळ सांगितली, त्यांनी एका बोटानं केली आणि पडद्याजवळ तोंड नेऊन एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले. एका ठिकाणी थांबले.

“हे एल आहे का आय, मले नाई समजून राहिलं,” ते म्हणाले.