जोड थंड होईपर्यंत

दाबयंत्र खाली आलं आणि पहिली पट्टी निमूटपणे वाकली. वेल्डिंगच्या जागी केसाएवढीही चीर नाही! पोरगी जागच्या जागी उडी मारून मोकळी झाली. बाकावर बसलेली तिची आत्या मात्र हलली नाही. उभा जन्म गोदीत जहाजं जोडण्यात घालवलेली बाई ती, तिला अर्ध्या निकालाचं कसलं कौतुक?

तिनं जोडलेल्या तुकड्यातून कापलेल्या दोन्ही पट्ट्या न तुटता वाकल्या तर पोरगी पास आणि सोमवारपासून त्याच गोदीत कामाला. आज नापास झाली, तर ती जागा दुसऱ्या कुणाची.

दुसरी पट्टी यंत्रात गेली. कट्ट! पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

"गेली," परीक्षक म्हणाला. "परीक्षा संपायच्या घंटेला अजून वेळ आहे. नवा जोड करून घंटेच्या आत पट्ट्या वाकवून घ्यायच्या असतील, तर आत्ता लाग कामाला. नाहीतर पुढची परीक्षा."

"पुढची," पोरगी पुटपुटली. मागच्या खेपेला नापास झाली तेव्हा तिनं घरी जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं होतं. आई जेवायला हाका मारून थकली होती. आत्ताही तिला फक्त तिथून पळायचं होतं.

"पुढच्या वेळी वेगळं काय करशील?" आत्यानं विचारलं.

"मला काय माहीत! माझं नशीबच फुटकं."

"नशिबाला शिव्या मग घाल. आधी कुठं शेण खाल्लंस ते बघ."

पोरीनं रागारागानं तुकडे उचलले आणि बघतच राहिली. जोड शाबूत होता! तुटलं होतं ते जोडाशेजारचं पोलाद, काच तडकावी तसं. मग तिला आठवलं आणि तिचे कान लाजेनं तापले. सकाळी जोड इतका सुरेख बसला होता की तिला धीरच धरवेना. कधी एकदा नीट बघते असं होऊन तिनं तो लालबुंद तुकडा अर्धा थेट पाण्याच्या बादलीत बुडवला होता; पहिली पट्टी कोरड्या अर्ध्याची होती, ही बुडालेल्या. हे पोलाद असं एकदम थंड केलं की ठिसूळ होतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण म्हणतात ना, हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे!

"आत्या, काम चांगलंच झालं होतं गं. माझ्या आनंदानं घात केला."

"मग आता त्याला आवर," आत्या म्हणाली.

पोरीनं मुखवटा चढवला. घाईत पहिला थर वेडावाकडा गेला. तो घासून काढून तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळचा जोड सकाळपेक्षाही देखणा उतरला. तुकडा धगधगत होता, घड्याळ पळत होतं आणि बादली पायाशीच होती. एकदा बुडवला असता, तर पट्ट्या कापायला वेळ मिळाला असता. तिचे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी तिनं बादली उचलली आणि दाराबाहेर रिकामी करून आली.

घंटा झाली तेव्हा तुकड्याला हात लावायची सोय नव्हती.

"मला नापास लिहावं लागणार, पोरी," परीक्षक म्हणाला.

"लिहा. पण थंड झाला की वाकवून द्याल? मला बघायचंय."

त्यानं लिहिलं आणि तिघंही वाट बघत बसले. मग पट्ट्या कापल्या. पहिली वाकली. दुसरीही वाकली, कुरकूर न करता! परीक्षक उगाच चष्मा पुसत राहिला. पोरगी मात्र ढसाढसा रडली. सोमवारची जागा गेली ती गेलीच, आणि ती तिला फार हवी होती. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग पोरीनं नाक पुसलं आणि आईला फोन लावला. "आई, नापास झाले."

आई पलीकडून म्हणाली, "ये घरी. कुणी काही बोलणार नाही तुला."

"येते गं, पण उशीर होईल. पुढच्या परीक्षेला नाव नोंदवायला रांगेत उभी आहे."