हरणवाले आणि पानवाले

मित्रांनो, मला हातात घ्यायचे असेल तर आधी हात कोरडे करा आणि मला कडेने धरा. अंगठा माझ्या पोटावर टेकवू नका. एवढे सुनावण्याचा मान माझ्या वयाला आहे. मी सोन्याचे नाणे आहे, पन्नाशी केव्हाच ओलांडलेले. माझ्या एका बाजूला धावते हरीण आहे, म्हणून बाजारात मला हरणवाले म्हणतात. पूर्वी ते हरीण मोठ्या ऐटीत पळायचे. आता त्याचे नाक झिजले आहे आणि मागचा एक पाय जेमतेम दिसतो. पण मी झिजेचे रडगाणे गाणार नाही. माझ्यामुळे एक भाऊ आणि एक बहीण अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत, ती गोष्ट मला सांगायची आहे. दोष माझा नव्हता, पण निमित्त मीच होते.

माझा जन्म टांकसाळीत झाला. आधी शुद्ध सोने मुशीत वितळवले, मग त्यात थोडे तांबे मिसळले. नुसते सोने फार मऊ असते, खिशातल्या किल्लीनेही त्यावर ओरखडा उठतो. तांब्यामुळे माझ्या अंगात बळ आले आणि रंगात किंचित लाली उतरली. मग पट्टीतून गोल चकत्या कापल्या, मला दोन ठशांच्या मधे धरले आणि वरून असा काही दाब दिला की क्षणात माझ्या अंगावर हरीण उमटले. एका तपासनिसाने मला भिंगाखाली उलटसुलट केले आणि तो म्हणाला, "चला, खणखणीत आहे!" आयुष्यातले ते पहिले कौतुक मी अजून विसरलेले नाही.

मला विकत घेतले एका चष्मेवाल्याने. त्याचे दुकान म्हणजे एक अरुंद खोली. समोर काच घासायचे चाक, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खणात काड्या आणि इवलेसे स्क्रू. लोक सोने तिजोरीत ठेवतात, हा मला बंडीच्या खिशात घेऊन फिरायचा. नवा चष्मा कुणाच्या नाकावर चढवला की तो मला पुढे धरून विचारायचा, "सांगा बघू, हरणाला पाय किती?" चार दिसले की चष्मा बरोबर. त्याची धाकटी मुलगी मधेच येऊन मुद्दाम "पाच!" म्हणायची, आणि थोरला मुलगा तिची वेणी ओढून "हिलाच चष्मा द्या बाबा" म्हणायचा. शेकडो बोटे माझ्या अंगावरून फिरली. मी झिजले ते तिथेच, आणि खरे सांगू का, तसे सुखाचे दिवस पुन्हा आले नाहीत.

काही वर्षांनी धंदा बरा चालला तेव्हा चष्मेवाल्याने आणखी एक नाणे आणले. त्याच्यावर झाडाचे पान कोरलेले होते. ते चोवीस कॅरेटचे, पिवळेधमक, प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद. त्याने पहिल्याच दिवशी मला ऐकवले, "मी बावनकशी. तुझ्यात भेसळ आहे." मी म्हटले, "बाबा रे, बावनकशी असून उपयोग काय? तुला डबीतून बाहेर काढायचीसुद्धा लोकांना भीती वाटते." तरी रात्री खणात शेजारी असताना आमचे बरे जमायचे. ते पानवाले दूर गेल्यापासून मला वाद घालायला चांगला सोबती मिळालेला नाही.

चष्मेवाला आजारी पडला तेव्हा मुले मोठी झाली होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, मुलगी पुस्तकांची बांधणी करायची. बाबांनी दोघांना जवळ बसवून सांगितले, "दोन पोरं, दोन नाणी. दोन्ही सारखीच आहेत. भांडू नका." सारखी कशी, ते मात्र सांगितले नाही. जन्मभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावे म्हणून काचा घासणाऱ्या माणसाला वाटले, एवढे तर कुणालाही दिसेल.

बाबा गेल्यावर दुकान रिकामे करायच्या दिवशी दादाने मला उचलून बहिणीच्या तळहातावर ठेवले. "हे तू घे. बाबांच्या हातातलं आहे," तो म्हणाला, आणि पानवाल्याची डबी त्याने शर्टाच्या खिशात टाकली. बहीण घरी पोचेपर्यंत मला मुठीत घट्ट धरून होती. तिच्या मनात काही नव्हते आणि त्याच्याही नव्हते. मी दोघांचे चेहरे जवळून पाहिले आहेत, म्हणून छातीठोकपणे सांगते.

महिन्याभराने तिच्या कानातल्याची दांडी तुटली. ती दुरुस्त करायला गेली तेव्हा तिने सोनाराला सहज मला दाखवले. "बावीस कॅरेट," तो म्हणाला. "पानाचं असतं ते चोवीस, शुद्ध." झाले! दागिन्यांचा हिशेब तिला पाठ होता, बावीस म्हणजे सोने कमी. तिने पुढे एक शब्द विचारला नाही. घरी येऊन तिने दादाला कार्ड लिहिले, "चोवीस तुला आणि बावीस मला. शोभलं तुला." दादाचे उत्तर आले नाही. त्याच्या घरी कार्य झाले, ती गेली नाही. हिची मुलगी आजारी होती, तो आला नाही.

मी अकरा वर्षे तिच्या कामाच्या टेबलाच्या खणात होते. सोबतीला जाड सुया, मेण लावलेला दोरा आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी. खळीचा वास माझ्या खाचांत भरला. खण उघडला की ती सुई घ्यायची आणि मला बाजूला सारायची. एकदा मात्र ग्रंथालयाची पुस्तके शिवता शिवता थांबून ती मला म्हणाली, "आपलंच नाणं खोटं, तर दुसऱ्याला काय बोलणार!" मी खोटे नव्हते, मित्रांनो, आणि तिचा दादाही नव्हता. पण आम्हा नाण्यांना बोलता येते ते गोष्टीतच.

पुढे रोज सुरीने कागद कापून तिचे मनगट दुखू लागले. कापायचे यंत्र घेतल्याशिवाय धंदा चालणार नव्हता. म्हणून तिने मला रुमालात बांधले आणि नाण्यांच्या दुकानात नेले. तिथे चाळिशीच्या एक बाई डोळ्याला भिंग लावून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मखमली तबकात देशोदेशीची नाणी मांडलेली होती. कुणावर गरुड, कुणावर अस्वल, आणि एका कोपऱ्यात पान.

"घासलेलं आहे हो," बहीण आधीच म्हणाली. "आणि बावीसचं. जे काय येईल ते द्या."

बाई हसल्या. "विकायला आलात आणि स्वतःच भाव पाडताय? घासलंय हे खरं. संग्राहक याला बघून नाक मुरडेल. त्याला असं लागतं." त्यांनी अस्वलवाले उचलले. "याचं चित्र बदलत राहतं, काही वर्षांची नाणी कमी निघतात. अंगाला बोट लागलेलं नसेल तर सोन्याच्या भावावर वरचे पैसे मिळतात. पण गुंतवणूकवाल्याला चित्राशी काय करायचंय? त्याला आत सोनं किती ते हवं, आणि विकताना दुकानदाराने चटकन ओळखायला हवं. तुमचं हरणवालं आंधळासुद्धा ओळखेल."

त्यांनी मला काट्यावर ठेवले. आकडा चौतीस ग्रॅमच्या जरासा अलीकडे थांबला. बहिणीने तबकातल्या पानवाल्याकडे बोट केले. "ते किती भरतं?"

बाईंनी ते ठेवले. एकतीस आणि वर थोडे.

"म्हणजे माझं जड?"

"जडच असणार. दोघांत शुद्ध सोनं तंतोतंत एकेक औंस, म्हणजे एकतीस ग्रॅमच्या जरा वर. पानवाल्यात नुसतं तेवढंच. तुमच्यात तेवढं सोनं पुरं घालून वर तांबं घातलंय. दागिन्यात बावीस म्हणजे कमी, कारण दागिना तांब्यासकट तोलतात. इथे तांबं वरकड आहे."

सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. पहिल्या सोनाराने अर्धेच टोचले होते, उरलेले या बाईंनी टोचले. बहीण खुर्चीवर बसली.

"सारखी आहेत म्हणाले होते बाबा," ती म्हणाली, आणि मग तिने दुकानातूनच फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही.

"दादा, मी."

पलीकडून आवाज आला, "बोल."

"दोन्ही नाणी सारखी आहेत रे. सोनं सारखंच आहे. आत्ता समोर तोलून बघितलं."

"काय सांगतेस?" दादा म्हणाला. "मला वाटायचं, मी तुला फसवलं. ते देताना मला काही माहीत नव्हतं गं. तुझं कार्ड आलं, मग मी चौकशी केली, तर सगळे म्हणाले बावीस म्हणजे कमी. कुठल्या तोंडाने येणार होतो तुझ्या दारात? ती डबी मी अकरा वर्षांत उघडलीसुद्धा नाही."

"अरे, मग सांगायचं ना!"

"तू विचारायचं ना!"

"मी का विचारू? थोरला तू!"

"हो, आणि हट्टी तू!"

दोघे एकदम हसले आणि लगेच दोघेही रडले. बाईंनी भिंग पुसायचे निमित्त करून मान फिरवली. तासाभरात दादा दुकानात हजर झाला, कामाचे काळे हात तसेच घेऊन. त्याचे केस पिकले होते. बहिणीने ते पाहिले आणि तिला पुन्हा रडू आले.

मला परत घरी नेतील असे मला वाटले होते. पण यंत्र घ्यायचे होतेच, आणि आता मला विकताना तिच्या मनात किल्मिष उरले नव्हते. पूर्ण एका औंसाचा दाम घेऊन ती उठली. दोघे आधी कुणाच्या घरी जायचे यावरून तावातावाने वाद घालत पायऱ्या उतरले. कुणी मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले.

आता मी तबकाच्या मागच्या रांगेत आहे. एखादा गुंतवणूकवाला मला नेईल, नाहीतर मी मुशीत जाईन. सोने मरत नाही, त्यामुळे त्याची मला भीती नाही. तुम्ही नाण्यांना जपा, ती घासू नका, डबीत ठेवा. पण मित्रांनो, त्याच्याही आधी एक करा. आपल्या माणसाबद्दल मनात काही सलत असेल तर त्यालाच जाऊन विचारा, आणि आजच विचारा. त्या दोघांचे सोने पै न पै हाती आले, पण ती अकरा वर्षे मात्र त्यांना कुणीच परत देऊ शकले नाही.