पात्र व्यावसायिकाकडून तपासून घ्यावे

आमचं चीकटोवागा गावातलं घर विकलं गेलं नाही. पण हे अजून घडलेलंच नाही असं समजू या. त्या सकाळी आम्हीही तसंच समजून बसलो होतो आणि बरं वाटत होतं.

घर विकणं डॅडसाठी गरजेचं होतं. घरात बाथरूम एकच, तेही वरच्या मजल्यावर, आणि डॅडच्या गुडघ्यांनी वरचा मजला केव्हाच सोडलेला. चर्चमागच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली त्यांच्यासाठी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. डॅड खोली बघून आले तेव्हा खिडकीबद्दल, शेजाऱ्यांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. "पलंगावरून हात लांब केला की बाथरूमचं दार," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

विक्रीचं काम च्योच्या लोरेटाकडे. च्योच्या म्हणजे आत्या. डॅडची धाकटी बहीण, घरांची एजंट. तळघराचा कुबट वास झाकायला तिने सकाळीच ओव्हनमध्ये प्लात्सेक, म्हणजे घरचा गोड केक, लावला होता.

"कॅझ," ती डॅडना म्हणाली, "तपासनीस आला की तू बाहेर जायचं. मालक घरात नसावा, अशी पद्धत आहे."

"कुठे जाऊ?"

"लोक कॉफी प्यायला जातात."

"कॉफी प्यायली की वर जावं लागतं."

शेवटी डॅड पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. बाहेर म्हणजे तेवढंच.

विकत घेण्याआधी घर तपासून देणाऱ्या या तपासनिसाचं नाव ड्वेन. त्याच्यासोबत मॅडी आलेली, घर तीच घेणार होती; दातांच्या दवाखान्यात काम करणारी, चेहऱ्यावर सतत 'तोंड उघडा' असा भाव. ड्वेनने पहिलं काम काय केलं, तर ओव्हन तपासायचा म्हणून आतला प्लात्सेक बाहेर काढून ठेवला. मग प्रत्येक नळ सोडला, प्रत्येक प्लगमध्ये टेस्टर खुपसला, माळ्यावर डोकं घालून खाली आला. बोलायचा मात्र एकच वाक्य.

"कठडा हलतो. पात्र व्यावसायिकाकडून तपासून घ्यावे."

"खिडकी अडकते. पात्र व्यावसायिकाकडून तपासून घ्यावे."

मी त्याला वेळ विचारली. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग वहीकडे. वाक्य तयार होत असावं.

तळघरात तो भिंतीवरून हात फिरवून "कोरडी आहे" म्हणाला, आणि मागून आवाज आला, "आत्ता आहे!"

डॅड. कधी आत आले कळलं नाही. बेचाळीस वर्षं त्यांनी हे घर स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं, आणि कोणीतरी ते नीट न बघताच पुढे चालला होता.

"मार्चमध्ये या कोपऱ्यात पाणी येतं," ते मॅडीला म्हणाले. "घोटाभर. फार नाही. हा पंप मी वॉशिंग मशीनमधून काढून बसवलाय. आणि ही तार बघितलीत का? ही कुठेच जात नाही. मी शोधलंय."

"कॅझ!" च्योच्या ओरडली. "बाहेर!"

"अगं, त्याला दिसलं नाही म्हणून सांगतोय."

पण मॅडी हसत होती. "यांच्याकडून घर घ्यायला हरकत नाही," ती म्हणाली. "सगळंच सांगतात. आता लपलेलं काय उरलं?"

उरली होती ड्रेनेजची लाइन. तिने वेगळे पैसे भरून तिची तपासणी मागितली होती. ड्वेनने तळघरातून पाइपात कॅमेरा सोडला. पडद्यावर काळोख, मातीचा जुना पाइप, झाडांची मुळं. मग, पुढच्या अंगणाखाली, एक चेहरा.

दाढीवाला. उलटा. आमच्याकडे बघत.

"माणूस आहे!" मॅडी किंचाळली.

च्योच्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "संत जोसेफ," ती पुटपुटली.

पुढच्या अंगणात संत जोसेफची मूर्ती डोकं खाली करून पुरली की घर लवकर विकलं जातं. च्योच्या प्रत्येक घराशी पुरते, विक्री झाली की काढून, पुसून पुढच्या घरी नेते. यावेळी जमीन थंडीने गोठलेली होती, म्हणून तिने लोखंडी पहार आणली.

"आधी जाईना," ती म्हणाली, "मग एकदम आत गेला. मला वाटलं, जमिनीने आपणहून घेतला. शुभ आहे."

"पाइप फोडलास तू, लोरेटा," डॅड म्हणाले.

"तूच म्हणालास ना, लवकर विक!"

"हा संत लोकांची घरं विकतो. आमच्या घरात येऊन तुंबला."

ड्वेन मोठ्याने बोलत लिहीत होता. "मुख्य लाइनमध्ये दाढीवाला इसम, उलट्या अवस्थेत. पात्र व्यावसायिकाकडून तपासून घ्यावे."

"पात्र म्हणजे कोण?" डॅडनी विचारलं. "प्लंबर की पाद्री?"

ड्वेनने पेन खाली ठेवलं.

"दोघेही," तो म्हणाला.

मॅडी दारात थांबली. "पाइपाचं काही नाही हो, पाइप दुरुस्त होतो. पण त्याने माझ्याकडे बघितलं. आता फ्लश ओढताना दरवेळी वाटणार, खाली कोणीतरी आहे."

"काढून टाकू ना त्याला," च्योच्या म्हणाली.

"मग वाटणार, कोणीतरी होतं."

मुदतीच्या आत मॅडीचं माघारीचं पत्र आलं. आता दोष माहीत झाल्यामुळे पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो लेखी सांगणं आलं. च्योच्याने तो मजकूर लिहून पाहिला आणि फाडला. दरम्यान महिना संपला, चर्चमागची खोली दुसऱ्या कोणाला मिळाली. पाइप खोदून दुरुस्त करून घेतला. संत सुखरूप निघाला. च्योच्याने तो पुसून डॅडना देऊ केला, डॅडनी हात पुढे केला नाही.

माघारीच्या कागदावर खाली विक्रेत्याच्या शेऱ्यासाठी जागा होती. तिथे कोणी काही लिहीत नाही, नुसती सही करायची, असं च्योच्या म्हणाली. डॅड तेव्हा बाथरूमला निघाले होते आणि जिन्याच्या मध्यावर दम खात बसले होते. वर जायचं बाकी होतं, खाली यायचंही.

"पेन आहे का?" ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं:

'विक्रेता नम्र विनंती करतो की, व्यवहार रद्द झाल्याने वरच्या मजल्यावरील एकमेव बाथरूम त्यास आहे त्या स्थितीत, परंतु एक मजला खाली, परत मिळावे.'