तेरा वर्षं न दिसलेला तळ

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, आणि काठाला एक टवका उडालेली. तुमच्या घरी लोणच्याची असते ना, अगदी तशीच. फक्त माझ्या पोटात लोणचं कधी पडलं नाही.

जबलपूरकडच्या एका भट्टीत मी भाजले गेले. १९६६ साली गवतात गुंडाळून, ट्रकमध्ये बसून मी नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात आले. माझ्याबरोबरच्या बरण्या इतवारीच्या दुकानांत गेल्या आणि तिथून घरोघरी कैरीच्या फोडींनी भरल्या. मला मात्र एका दवाखान्याच्या माणसाने उचललं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, ते का हे पुढे कळेलच. बायकांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात, खिडकीखालच्या टेबलावर माझी जागा ठरली. जखमा धुवायचं पिवळसर, उग्र वासाचं औषधी पाणी माझ्यात भरलं जाई. तो वास आला की लोक म्हणत, इथे जंतू टिकतील कशाला! मला केवढा अभिमान वाटे म्हणून सांगू!

मला सांभाळी ती मैनाबाई, वॉर्डातली आया. उमरेडच्या विणकरांची लेक. तिच्यासारखी कामाची बाई त्या दवाखान्यात दुसरी नव्हती. रोज सकाळी ती मला बाहेरून फडक्याने लख्ख पुसे, झाकण घासे आणि औषध थोडं उतरलं की वरून नवं ओती. घरात पिठाचा डबा तिने कधी खडखडीत होऊ दिला नव्हता. पीठ संपलं, असं ती बोलतसुद्धा नसे. "पीठ आणा लागते," म्हणे. तीच रीत तिने मला लावली. तळाशी चार बोटं औषध असतानाच नवं पडे.

पलीकडे पुरुषांच्या वॉर्डात नत्थू नावाचा वॉर्डबॉय होता. त्याची बरणी पहिल्याच वर्षी त्याच्या हातून फुटली. तेव्हापासून तो रोज सकाळी औषधखोलीतून एक बाटली आणी. संध्याकाळी उरलेलं मोरीत ओतून टाकी आणि बाटली विसळून परत करी, कारण खरकटी बाटली कंपाउंडर हातात घेत नसे. मैनाबाई त्याला ऐकवी, "काय गा नत्थू, सरकारचं औषध नालीत घालतं! तुह्या बायकोनं असं तेल सांडलं तं चालन काय तुले?"

नत्थू हसे. "तू सांभाळ वं तुही बरणी. मरताना संगं घेऊन जाजो."

तेरा वर्षं अशी गेली. मग १९७९ चा एप्रिल अर्धा सरला, आणि माझ्या वॉर्डातल्या जखमा हिरव्या पडू लागल्या.

हो, हिरव्या! ऑपरेशन नीट होई, टाके सुबक पडत, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टी सोडली की कापसाला हिरवट डाग आणि गोडसर घाण वास. तीन आठवड्यांत सात बायका. ताप उतरेना, जखम मिटेना, घरी जाता येईना. कोणी म्हणालं, उन्हाळा फार आहे. कोणी म्हणालं, नातेवाईक डबे आणतात त्याने होतं. मैनाबाई दुप्पट जोमाने फरशी पुसू लागली. त्याला कारणही होतं. तिची मुलगी प्रेमिला, सावनेरला दिलेली, पोटातल्या गाठीसाठी याच वॉर्डात यायची होती. गुरुवार, सतरा मेला तिचं ऑपरेशन ठरलं होतं. गाठ वाढत होती. थांबायला वेळ नव्हता आणि वॉर्डात हिरवं हिंडत होतं.

तेव्हा तपासणीखोलीतले आनंदराव कामाला लागले. बारीक अंगाचा, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, तो इकडे तिकडे फिरवायचा आणि काचेच्या ताटलीत जंतू वाढवायला घातलेल्या खळीवर ओढायचा. मग ताटली उबेच्या कपाटात ठेवायची. जंतू असले की दोन दिवसांत ते डोळ्यांना दिसण्याइतके वाढतात. त्यांनी खाटा तपासल्या, खिडक्या तपासल्या, नळ, पट्ट्यांचे डबे, सिस्टरचे हात, एवढंच काय, मोठ्या डॉक्टरांचे हातही तपासले! इकडून तिकडून थोडेफार जंतू निघाले, पण हिरवे कुठेच नाहीत. मला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. औषधात जंतू कोण शोधणार?

गुरुवारी, दहा मेला ते माझ्या टेबलाशी स्टुलावर बसले आणि वही उघडून स्वतःशीच बोलू लागले.

"बायकांच्या वॉर्डात सात. पुरुषांच्या वॉर्डात एक नाही. डॉक्टर तेच, टाके तेच, पट्ट्या त्याच. काहून असं होऊन राहिलं?"

नत्थू दारातूनच म्हणाला, "काहून म्हणजे? माणूस चांगला हाये ना तिथला!"

"तू चूप बस गा, आळशी!" मैनाबाई तडकली. "साहेब, याच्या वॉर्डात धड झाडू लागत नाही. मी तं इथं खाली बसून फरशी घासतो. या बरणीचंच पाहा ना. तेरा वर्स झाले, मी हिचा तळ नाही दिसू देल्ला!"

आनंदरावांची पेन्सिल थांबली.

"काय म्हणालात?"

"तळ जी. कधीच नाही दिसू देल्ला. संपायच्या आधीच भरतो."

"मग धुता कधी?"

"औषधाले कोण धुते, साहेब? औषधच तं सगळ्याइले धुते."

आनंदराव असे ताडकन उठले की स्टूल आडवं झालं! त्यांनी झाकण काढलं आणि लांब काडी थेट माझ्या तळापर्यंत घातली. तेरा वर्षांत तिथे कोणाचा हात पोचला नव्हता. काडी वर आली तेव्हा तिच्या टोकाला बुळबुळीत साय होती. त्याच क्षणी त्यांनी मला बंद करून बाजूला ठेवलं. जखमांसाठी नत्थूकडून बाटली मागवली.

शनिवारी सकाळी ते ताटली घेऊन धावतच आले. उन्हात धरली. मित्रांनो, सगळी ताटली हिरवी! रंगात बुडवून काढल्यासारखी हिरवी!

मला लाज वाटली, पण खरं सांगू, अंगावर शहाराही आला. सापडलं होतं! वॉर्डभर ज्याला शोधलं ते माझ्याच पोटात होतं. ते केव्हा शिरलं, मला कळलं नाही. तेरा वर्षांतल्या आणखी किती जखमा माझ्यामुळे चिघळल्या, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

मैनाबाई ताटलीकडे बघत राहिली. "औषधात जंतू वाढते काय, साहेब?"

आनंदराव तिला समजावू लागले. पातळ औषध, शिळं पाणी, काही जंतू त्यातही तग धरतात. ते बोलत होते आणि ती ऐकत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "कालच मी घरी लोणच्याची बरणी काढली. घासली, गरम पाण्यानं धुतली, दोन दिवस उन्हात पालथी घालणार हाये. जुन्या खारावर नवं लोणचं कधीच नाही घालत मी. बुरा चढते." तिने माझं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. "लोणच्याले एवढं जपलं अन् बायाइच्या जखमाइले... बाप्पा! मीच केलं ना जी हे?"

त्या दिवशी नत्थू हसला नाही. त्याने तिला पाण्याचा पेला आणून दिला.

मैनाबाई स्वतःच मोठ्या डॉक्टरांकडे जायला निघाली. आनंदरावांनी तिच्यापुढे वही धरली. "थांबा. काय लिहिलं ते ऐका. दोष: बरणी रिकामी न करता वरून भरणे. या वहीत माणसाचं नाव लिहायचं नसते, मैनाबाई, कामाची रीत लिहायची असते. नाव लिहिलं तं उद्या कोणी मले खरं सांगणार नाही. तुम्ही तळाचं बोलल्या नसत्या तं मी अजून खिडक्याच पुसत बसलो असतो."

म्हणजे नाव लागलं ते माझं. असू दे. मला ते सोसतं.

मोठे डॉक्टर मला फोडूनच टाकणार होते. आनंदराव म्हणाले, "आधी रीत बदलून पाहू." मग मैनाबाईने मला घासलं ते काय सांगू! सोड्याने, काथ्याने, उकळत्या पाण्याने. नागपूरच्या त्या उन्हात दोन दिवस मी पालथी होते, आणि पहिल्यांदाच माझ्या पोटात कोरडी, गरम हवा फिरली. सोमवारी उकळून गार केलेल्या पाण्यात नवं औषध भरलं. आनंदरावांनी पुन्हा काडी घातली. बुधवारी ताटली आली: स्वच्छ! एक ठिपका नाही!

आता रोज रिकामी करायची, धुवायची, वाळवायची आणि भरल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहायची, असं ठरलं. मैनाबाईला अक्षर येत नव्हतं. आनंदरावांनी वहीच्या पानावर आकडे काढून दिले. पन्नाशीच्या त्या बाईने ओठ दाताखाली धरून लिहिलं, १७-५-७९. साताची शेपटी उलटी गेली होती. पण त्याच दिवशी प्रेमिलाचं ऑपरेशन होतं, आणि सिस्टरने विचारलं, "हिच्यासाठी नत्थूची बाटली आणू का?"

मैनाबाईने माझ्यावरच्या तारखेवरून बोट फिरवलं. "नाही जी. हेच घ्या. आज हिचा तळ मी पाह्यला हाये."

पुढचे चार दिवस तिने रोज तारीख लिहिली, रोज जरा सरळ. पाचव्या दिवशी सिस्टरने पट्टीचे वेढे सोडायला घेतले. नत्थू दारात उभा. आनंदराव चष्मा पुसत होते आणि तो पुसून होतच नव्हता. शेवटचा कापूस निघाला. मैनाबाईने डोळे मिटले होते.

"माय," प्रेमिला म्हणाली, "डोये उघड ना वं. पाह्य तं!"

कापूस पांढरा होता. जखम कोरडी होती, गुलाबी रेघेसारखी. वॉर्डातल्या साऱ्या बायका खाटांवर उठून बसल्या, आणि नत्थू ओरडला, "जमलं वं मैनाबाई! तुही बरणी पास झाली!"

मित्रांनो, आता दवाखान्यात बंद बाटल्या येतात. माझं ते काम संपलं. मैनाबाई निवृत्त झाली आणि हुडकेश्वरला राहते. तिच्या हातची शेवटची तारीख अजून माझ्या अंगावर आहे, सात अगदी सरळ. मला नर्सच्या वर्गात टेबलावर ठेवलं आहे. नव्या मुली येतात, माझ्यावर वाकतात, आत बघतात.

तुम्हीही कधी दवाखान्यात गेलात, तर भिऊ नका, विचारा. हात धुतले का, सुई उकळली का, बरणी आज रिकामी केली का? कोणी रागावलं तर माझं नाव सांगा. आणि घरचं असो की दवाखान्याचं, कुठलंही भांडं भरायच्या आधी एकदा वाकून आत बघा.

तळ दिसला ना? आता भरा.