पोरी लिवत न्हाईत

रिटायर झाल्यावर मानसं सकाळी फिरायला जात्यात, न्हायतर देवळात जाऊन बसत्यात. तात्याबा बंडगरानं मेलेली मानसं गोळा करायला घेतली. सोलापूरच्या एस्टी वर्कशॉपात तीस वर्सं पाने फिरवलेला गडी, सातवी नापास. पर आता हातात दोनशे पानी वही, खिशात चार रंगाची पेनं, आन् कुटं एखादं म्हातारं बंडगर जितं हाय असं कळलं की निघाला पिशवी घेऊन. मोहोळकडच्या माळावरचं मूळ घर, तितनं कोन कुटं पांगलं, ते सगळं त्याला पायजे हुतं.

केराबाई, त्याची बायकू, म्हनायची, "जितं पाव्हनं दारात आलं की ह्यो तोंड फिरवून बसतो, आन् मेल्यांची हजेरी घेतो."

पर खोटं कशाला बोला, त्याला त्यातनं लई काय गावलं. अकलूजला हिंदुराव बंडगर म्हनून चुलत-चुलत भाऊ निघाला. जलमभर एकमेकाचं तोंड ठावं न्हवतं, आता दर आयतवारी फोनवर खोकल्याची औषधं सांगत बसत्यात. आपला पंजा, म्हंजी आज्ज्याचा बाप, डावखुरा हुता हे कळल्यावर तर तात्याबा चार दिस हवेतच हुता. त्यो सोता डावखुरा, शाळंत त्याच हातावर छड्या खाल्लेला.

तरी त्याला खरं पायजे हुतं ते एकच मानूस, आन् ते मेलंय का जितं हाय ते बी ठावं न्हवतं. त्याची थोरली भन, बजाआक्का.

बाहत्तरच्या दुष्काळात बाप मेंढरं घेऊन अक्कलकोटच्या पल्याड उतरला, कानडी मुलखात. तितं एका धनगराच्या हिरीला पानी हुतं. त्यानं मेंढरं पाजू दिली, आन् बापानं त्याच्या पोराला चौदा वर्साची बजी दिली. तात्याबा तवा सात वर्साचा. पंचमीला न्यायला येतो म्हनून बाप निघाला, त्यो परत गेलाच न्हाय. पुढं मेंढरं मेली, बाप सोलापुरात हमाली करायला लागला. घरात कुनी बजीचं नाव काढलं की उठून भायर जायाचा. मरताना बी त्यानं त्या गावाचं नाव सांगितलं न्हाय.

दोन वर्सांत तात्याबानं तिकडची सा गावं पालथी घातली. बजाबाई हाय का, मोहोळकडनं आलेली? सगळीकडं एकच जबाब, गोत्तिल्ला. ठावं न्हाय.

मग माघात ईरप्पा हेळवी आला. हेळवी म्हंजी घराण्याच्या पिढ्या पोथीत लिवून ठेवनारा आन् दारात येऊन वाचून दाखवनारा. त्याचा बाप बैलावर बसून यायचा, ईरप्पा फटफटीवर येतो, पर पोथी तीच, लाल फडक्यात बांधलेली. दारात पोतं हातरून बसला आन् सुरात लावली त्यानं. बारा पिढ्या. बिरुदेवाचा महिपती, महिपतीची तीन पोरं, त्यातल्या थोरल्याची पाच, आसं करत करत खाली तात्याबावर आला आन् तात्याबाचा पोरगा पृथ्वीराज म्हनून थांबला.

"आन् बजा?" तात्याबानं इचारलं.

"कोन बजा?"

"माझी भन."

ईरप्पानं पोथी मिटली. "तात्या, पोरी लिवत न्हाईत आमी. पोर दुसऱ्याच्या पोथीत जाती."

"मग दुसऱ्याच्या पोथीत बघ की."

"बघंन. पर बजा म्हनून कशी गावंल? सासरी गेल्यावर नाव बदलत्यात न्हवं?"

तात्याबा सा गावं फिरला, दोन वर्सं घातली, आन् येवढी गोष्ट त्याच्या ध्यानात आली न्हवती. केराबाई चा घेऊन आली हुती, ती दारातच थांबली.

"अवं, माझं म्हायेरचं नाव काय, सांगा बघू."

तात्याबानं ईरप्पाकडं बघितलं, जसं काय त्याच्या पोथीत सापडंल.

"पस्तीस वर्सं झाली लग्नाला," केराबाई म्हनली. "बारा पिढ्या पाठ हायत की तुमच्या."

"सखू," तात्याबा म्हनला.

"सखू माझी धाकटी भन. मी आंबू."

चा खाली ठेवला आन् आत गेली. ईरप्पा लई येळ हसत बसला.

ईरप्पाचा चुलता प्रभु, त्याच्याकडं त्या कानडी मुलखातल्या धनगरांच्या पोथ्या. सून कंच्या घरातली येवढं त्यो लिवून ठेवायचा, पुढं सोयरीक करताना घोळ हुऊ नये म्हनून. दोन म्हैन्यांनी ईरप्पाचा फोन आला. "लिवून घे तात्या. बंडगराची लेक, मोहोळकडची. सासरचं नाव शिवव्वा. नवरा वारलाय, दोन पोरं हायत. म्हातारी जिती हाय."

तात्याबाला लिवता येईना. पेन उजव्या हातात धरलं हुतं, ते बी त्याला कळलं न्हाय.

दुसऱ्या दिशी हिरवी इरकल साडी घेतली, वही घेतली आन् निघाला. केराबाई म्हनली, "मी बी येते. तुमाला कानडी कुटं धड येतं? माझं निम्मं म्हायेर कानडीच बोलतंय."

अक्कलकोटपतुर एस्टी, तितनं जीप, फाट्यावरनं चालत. चार घरांची वस्ती. एका दारात म्हातारी शेंगा फोडत बसली हुती. तात्याबाला वाटलं हुतं बघताक्षनी वळख पटंल. कसली पटती? काळी, वाळलेली, कुनी बी असावी अशी बाई. मग तिनं वर बघितलं आन् कपाळ दिसलं, पुढं आलेलं, रुंद, बापाचंच.

केराबाईनं कानडीत सगळं सांगितलं, आमी कोन, कुटनं आलो, कशाला आलो. म्हातारीचा हात थांबला न्हाय. शेंगा फोडत फोडतच कायतरी बोलली.

"काय म्हनती?"

"बसा म्हनती."

बसले दोघं. तात्याबानं वही उघडली, त्याला दम धरवंना. "आक्का, ह्यो बघ आपला पंजा. डावखुरा हुता, माझ्यागत. ह्यो आज्जा. हितं मी, आन् हितं माझ्यावर तुजं नाव घालनार हाय. ईरप्पाच्या पोथीत बी घालाय लावतो. आजपतुर कुना पोरीचं घातलं न्हाय त्यांनी. तुजं पयलं."

केराबाईनं ते कानडीत केलं. आता म्हातारी बोलायला लागली. लई येळ बोलली, आवाज न चढवता, शेंगांकडं बघत. केराबाई मान खाली घालून ऐकत हुती.

"काय म्हनती ग?"

"काय न्हाय. औंदा शेंगा बऱ्या झाल्यात म्हनती."

"येवढं बोलली की ती."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं. "तिला नगो ताप देऊ," ती मराठीत म्हनली. शब्द अडकत हुते, पर मराठी मोहोळकडचंच हुतं. "मला येतंय. घोडीवर बसून गूळ खात गेलास तू. मागं बघितलं न्हाईस."

"सात वर्साचा हुतो, आक्का."

"व्हय. ल्हान हुतास," ती म्हनली. "मग मोटा झालास की."

तात्याबा वीस वर्साचा हुता तवा बी अक्कलकोटपतुर एस्टी येत हुती. तीस वर्सं त्याच एस्टीची इंजनं त्यानं दुरुस्त केली, फुकट पास खिशात हुता.

"पाच पंचम्या मी त्या वाटंवर जाऊन बसले," म्हातारी म्हनली. "हितल्या बायका हसायच्या. मग ठरवलं, बजी म्हनून हाक आली तर वळायचंच न्हाय. हाक मारनारं कोन हुतं म्हना."

"चुकलं, आक्का. आता नाव तरी..."

"नाव नगो घालूस. घातलं तर मी तुमच्यात हुते असं हुईल."

तात्याबानं साडी पुढं केली. तिनं हात लावला न्हाय, नुसती काठाकडं बघत राह्यली.

"चांगली हाय. पर पोरं इचारतील कुनी दिली. पोरांना मी सांगितलंय, म्हायेर दुष्काळात मेलं. आई, बाप, भाऊ, समदी. ल्हान हुती तवा रडायची पोरं तुमच्यासाठनं. आता कसं सांगू, जिती हुती म्हनून?"

आत जाऊन तिनं चा केला, गुळाचा. प्याले. मग म्हनली, थोरला मेंढरं घेऊन यायच्या आत जावा. केराबाई पाया पडली तवा तिला इचारलं, "तुला नेत्यात का म्हायेरी?"

"नेत्यात."

"बरं हाय."

तात्याबा पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतलं. रागानं न्हवं. शेजारची बाई दारात येऊन बघत हुती म्हनून.

फाट्यावर जीपची वाट बघत असतानाच ईरप्पाचा फोन आला. त्याला बी हुरूप आला हुता.

"गावली का तात्या? नाव घालू पोथीत? चुलत्याला बी इचारलंय मी, घाल म्हनलाय."

तात्याबानं वस्तीकडं बघितलं. तितनं मेंढरांचा धुरळा उठलेला दिसत हुता.

"न्हाय गावली," त्यो म्हनला. "दुसरीच कोन तरी निघाली."

"आं? पोथीत तर साफ लिवलंय. मग अजून बघू का कुटं?"

"नगो. ऱ्हाऊ दे आता."

ईरप्पा बरं म्हनला. फोन बंद झाला तरी तात्याबानं त्यो कानालाच धरून ठेवला हुता. केराबाईनं त्याच्या हातातनं काढून घेतला आन् आपल्या पिशवीत टाकला. जीपला अजून तासभर हुता, आन् फाट्यावर सावली म्हनून काय न्हवती.