जोह्याचा वेठबिगार

आमच्या रोह्याच्या कॉलेजातल्या मुलांनी वेठबिगारीवर प्रकल्प केला. त्यासाठी उपाशी कातकऱ्याची मूर्ती जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात सांगितली. तिथले साचे सगळे गणपतीचे. सोंडेच्या जागी माणसाचं तोंड बसवलं, पोट मात्र तसंच ठेवलं. आशीर्वादाच्या हातात बेडी घातली आणि अंगाला गुलाबी रंग दिला. असा खाऊनपिऊन सुखी वेठबिगार आमच्या कातकरवाडीत कुणी बघितला नाय.

ती मूर्ती टेम्पोतून उतरवून माझ्या बापाने, बुधाने, पाठीवरून कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर नेली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तिला हार घातला आणि फुकट राबवून घेण्याच्या पापावर तासभर भाषण केलं. बाप मजुरीसाठी दारात थांबला होता.

प्रकल्पाचे सर त्याला म्हणाले, "समाजकार्याचे कुणी पैसे घेतं का रे, बुधा?"