दार उघडायचं नाही

टीव्हीवरच्या मुलांच्या थेट कार्यक्रमात कार्टून लागलं की टोपीमामाला पाठ टेकायला चार मिनिटं मिळत. आज तेवढ्यात निर्मातीबाई कानाला मोबाइल लावून धावत आल्या.

"मामा, एक शेजारीण बोलतेय. पलीकडच्या घरातली बाई स्वयंपाकघरात पडलीय, खिडकीतून दिसतेय, काही हालचाल नाही. दाराला आतून कडी. आत फक्त पाच वर्षांची मुलगी आहे, ठकू."

"मग तिला उघडायला सांगा."

"सांगून थकल्या. ती टीव्हीसमोर बसलीय. म्हणते, आई झोपलीय, आणि आई झोपली असताना कुणालाही दार उघडायचं नाही असं मामानं सांगितलंय."

गेल्याच आठवड्यात मामानं हे गाण्यात घालून नाचून शिकवलं होतं. वर शेपूटही जोडलं होतं, 'मामानं पाठवलंय म्हणाले तरी नाही.' तेव्हा स्वतःच्या हुशारीवर किती खूश झाला होता! आपलेच दात, आपलेच ओठ.

"दार फोडा म्हणावं."

"लोखंडी आहे. अग्निशामक दलाला वीस मिनिटं लागतील."

इकडे आड, तिकडे विहीर. थेट प्रक्षेपणात 'दार उघड' म्हणावं, तर गावभरची पोरं आपापल्या कड्यांकडे धावणार. बाई फोन घेऊन कंट्रोल रूममध्ये पळाल्या, आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

"बाळांनो, आता एक खेळ," मामा म्हणाला. "एकटी ठकू सोडून सगळ्यांनी कान घट्ट झाकायचे. असे."

इअरफोनमध्ये बाईंचा आवाज आला. "मामा, तिनंही झाकलेत."

झाकणारच. एकोणीस वर्षं जिथे मामाचे हात, तिथे पोरांचे. स्वतःला शिव्या घालत त्यानं हात खाली घेतले. आता सगळेच ऐकणार होते, पण दुसरा उपाय नव्हता.

"ठकू, आई झोपलेली नाही, आजारी आहे. खिडकीतल्या काकूंना दार उघड. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. तुमच्या आया ठणठणीत आहेत."

तो हसला.

"उठत नाहीये," बाई म्हणाल्या. "टीव्हीला विचारतेय, तू खरा मामा कशावरून?"

मामा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेला. "ठकू, तू आत्ता मला विचारलंस, तू खरा मामा कशावरून? ऐकलं मी. काकूंच्या फोनमधून. खोट्या मामाला ऐकू आलं असतं का?"

इअरफोनमध्ये नुसती खरखर. मग बाई कुजबुजल्या, "उठली. स्टूल ओढतेय. हात पोचत नाहीये... पोचला."

मामाला आपण काय बोलतोय ते कळत नव्हतं. तो पोरांना एक ते वीस आकडे म्हणायला लावत होता, आणि बारा दोनदा आला.

"श्वास चालू आहे, मामा. अँब्युलन्स बोलावलीय."

पुढचं कार्टून लागलं तेव्हा बाईंनी येऊन फोन त्याच्या हातात दिला.

"मामा, मी दार उघडलं," पलीकडून बारीक आवाज आला. "तू रागावलास?"

"नाही गं राणी. चूक माझी होती. आईला उठवून बघा, उठली नाही तर काकूंना बोलवा, हे मी सांगायलाच विसरलो."

"मी उठवलं होतं तिला," ठकू म्हणाली. "दोनदा. मग तुझा कार्यक्रम लागला."

मामा सेटवरच्या पुठ्ठ्याच्या पायरीवर मटकन बसला आणि पोरांसारखा रडला.